बाळाला घेऊन आजोळी जाताना





सुट्ट्यांचे वेळापत्रक सूचनाफलकावर लागले की शाळेच्या कार्यालयात एकच प्रश्न घेऊन पालक येऊ लागतात. "मॅडम, शेवटच्या दिवशी मुलाला अर्ध्या सुट्टीत सोडाल का? आम्हाला रात्रीच निघायचे आहे." कुणाला पुण्याला जायचे असते, कुणाला नाशिकला, कुणाला कुलदैवताला. आणि दर चार-पाच घरांमागे एका घरात आमच्या विद्यार्थ्याचे धाकटे भावंड असते, तीन महिन्यांचे, सहा महिन्यांचे, नुकते बसू लागलेले. त्या बाळाबद्दल चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते. ते अजून आपल्या शाळेच्या पटावर नाही, पण तीन-चार वर्षांनी येईलच. तेव्हा त्याची काळजी करण्याचा अधिकार मी आजच घेते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. "एवढ्या लहान बाळाला घेऊन इतका लांबचा प्रवास कशाला? मोठे होऊ द्या, मग जा" असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आपण इंदूरची मराठी माणसे. होळकरांच्या काळापासून आपली घरे इथे आहेत, मुळे मात्र अजून घाटाखाली आणि देशावर पसरलेली आहेत. आपल्या घरांत लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते आणि दोन-तीन महिन्यांचे बाळ घेऊन सासरी परत येते. बाळाचा पहिला मोठा प्रवास तोच असतो. पुढे उष्टावण, जावळ, संक्रांतीचे बोरन्हाण, मामाच्या घरचे लग्न अशी निमित्ते येतच राहतात. हे सगळे "मोठे झाल्यावर बघू" म्हणून पुढे ढकलले, तर पणजीच्या मांडीवर बसायचे भाग्य काही बाळांना मिळणारच नाही.

यात भाषेचाही प्रश्न आहे. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी मी शाळेत शिकले नाही. ती मला आजोळच्या ओसरीवर आणि मामीच्या स्वयंपाकघरात मिळाली. इथे शेजारी, बाजार, कार्यालय सगळे हिंदी. मुलाच्या कानावर एकदम दहा तोंडांची मराठी पडते ती वर्षातून एक-दोनदा, आजोळी. बोलू लागण्याच्या कितीतरी आधी बाळ भाषा ऐकत असते. म्हणून मी म्हणते, जा, अवश्य जा. पण आज बरेच जण ज्या रीतीने जातात, त्या रीतीने जाऊ नका.

ती रीत कशी असते ते आपण सगळे जाणतो. दिवसभर नोकरी करून वडील रात्री दहाला गाडी काढतात. "रात्री रस्ता मोकळा असतो, बाळही झोपलेले राहते" हे त्यामागचे गणित. मागे आजी-आजोबा, मोठा मुलगा आणि आई. बाळ आईच्या मांडीवर. मागच्या सीटचे बेल्ट सीटकव्हरखाली दडपलेले, कारण ते टोचतात. पायाशी फराळाचे डबे, मागच्या काचेपाशी सामान छतापर्यंत. अशी गाडी मानपूरचा घाट उतरते, खलघाटला नर्मदा ओलांडते, सेंधव्यापुढे बिजासनचा घाट उतरून पळासनेर, शिरपूरवरून पहाटे धुळ्याला लागते. जिथे चालकाच्या डोळ्यांवर सर्वांत जास्त झोप येते, ती पहाटेची दोन ते पाचची वेळ नेमकी महामार्गावर, ट्रकांच्या रांगेत जाते. मानपूरजवळचा गणेश घाट तर उतारावर अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होण्यासाठी वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध आहे. तिथे आपण कितीही चांगली गाडी चालवली तरी मागून येणाऱ्या ट्रकचा ब्रेक आपल्या हातात नसतो.

आता मांडीवरच्या बाळाकडे वळू. "आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात नाही" हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकले आहे. घरात ते खरे आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीत ते खरे नाही. मी भौतिकशास्त्र शिकवत आले आहे, म्हणून अकरावीच्या मुलांनी हे गणित वहीत करून पाहावे. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. टक्कर होऊन गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर हिंदीत ज्याला आम्ही "मंदन" म्हणून शिकलो ते होते सेकंदाला सेकंदामागे 140 मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 14 पट. 8 किलोचे बाळ त्या क्षणी आईच्या हातांना 110 किलोंहून जड होते. कोणती आई एवढे ओझे नुसत्या हातांनी धरून ठेवील? हाच वेग उंचीत मोजला तर साधारण 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका होतो. आणि आईने स्वतः बेल्ट लावलेला नसेल, तर तिच्या शरीराचा सगळा भार पुढच्या सीटवर आदळताना मध्ये बाळ असते. आईची माया कमी पडत नाही, हात कमी पडतात.

याला उपाय एकच, बाळाची स्वतंत्र सीट. ती मागच्या आसनावर पक्की बसवायची आणि बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे ठेवायचे. असे उलटे का, हा प्रश्न आजी हमखास विचारतात. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे आणि जड असते, मान कोवळी असते. तोंड पुढे असताना गाडी अचानक थांबली तर सगळा झटका मानेवर येतो. तोंड मागे असले की तोच झटका सीटची पाठ झेलते आणि डोके, मान, पाठ एकत्र आधारात राहतात. निदान सव्वा वर्षापर्यंत, आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्याहूनही पुढे, बाळाला असेच बसवावे. अशी सीट पुढे, एअरबॅग असलेल्या जागेवर, कधीही लावू नये. एअरबॅग उघडली तर ती सीटच्या पाठीवर आदळून बाळाचाच घात करते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा सीटमुळे अपघातातील तान्ह्या मुलांचे मृत्यू सुमारे 70 टक्क्यांनी कमी होऊ शकतात. आपल्या देशात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतली 16,715 माणसे सीटबेल्ट न लावलेली होती. हे केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे आहेत. कायदाही आता गप्प नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती होऊन कलम 194 बी आले. 14 वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालसीट न लावता गाडी चालवली, तर 1,000 रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. पण मी दंडाच्या भीतीने हे सांगत नाही. हजार रुपये भरून सुटता येईल, पण वर सांगितलेल्या गणितातून सुटता येत नाही.

यावर पालकांचे आक्षेप काय असतात ते मला माहीत आहे, कारण पालक सभेत मी ते ऐकले आहेत.

पहिला आक्षेप, "आम्ही तर असेच मोठे झालो. जीपमध्ये अकरा जण बसून आजोळी जायचो." खरे आहे. तेव्हा रस्ता एकेरी होता, खड्डे होते आणि जीप ताशी 40 च्या वर जात नव्हती. आज तोच आग्रा रोड चौपदरी आहे आणि त्यावर गाड्या ताशी 100 ने पळतात. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते, हे नववीचे मूल सांगेल. रस्ता बदलला, गाडी बदलली, मग सवय का बदलू नये? शिवाय जे असे मोठे झाले नाहीत, ते आज आपल्याला सांगायला इथे नाहीत.

दुसरा आक्षेप, "बाळ सीटमध्ये बसतच नाही, रडून गोंधळ घालते." जे बाळ त्या सीटमध्ये पहिल्यांदाच महामार्गावर बसते ते रडणारच. सीट प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी घरात आणावी. बाळाला तिच्यात दिवसाकाठी थोडा वेळ बसवावे, मग राजवाड्यापर्यंत, मग एखाद्या रविवारी महूपर्यंत न्यावे. पहिल्या दिवशी शाळेत रडणारी सगळी मुले आम्ही पाहिली आहेत. म्हणून आम्ही त्यांना शाळेतून काढत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. चांगली सीट काही हजारांना मिळते आणि वर्ष-दीड वर्षात बाळ त्यातून मोठे होते. ज्या घरात गाडीच भाड्याची असते, तिथे सीट विकत घेणे जड जाते. याबद्दल शेवटी विश्वस्तांना एक विनंती करणार आहे.

आता प्रवासाच्या आखणीबद्दल. गेल्या दिवाळीत माझी मुलगी आणि जावई पाच महिन्यांच्या नातीला घेऊन पुण्याहून इंदूरला आले. अंतर 600 किलोमीटरच्या आसपास. एकट्या माणसाने एका दमात गाठण्यासारखे ते आहे, बाळाने नाही. त्यांनी दोन दिवस घेतले. पहाटे निघाले, दर दोन तासांनी थांबले, दुपारी जेवून पुढे आणि उजेड असतानाच धुळ्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर. एक मुक्काम वाढला, एक हॉटेलचे बिल वाढले. पण नात हसत उतरली आणि जावई जेवणाच्या ताटावर झोपला नाही.

दर दोन तासांनी थांबणे हा नियम चालकाच्या डोळ्यांसाठी आहे तितकाच बाळाच्या पाठीसाठी आहे. तान्ह्याला सीटमध्ये अर्धवट वाकलेल्या स्थितीत फार वेळ ठेवू नये. थांबल्यावर त्याला बाहेर काढून चादरीवर पाठीवर मोकळे झोपवावे, लंगोट बदलावा, पाजावे. चालत्या गाडीत पाजण्यासाठी बाळाला सीटमधून काढणे हा तर सगळ्यांत मोठा धोका आहे. "पाचच मिनिटे" असे म्हणून काढतात आणि टक्कर काही घड्याळ बघून होत नाही. बाळ रडले की गाडी सुरक्षित जागी थांबवायची, मग पाजायचे. अशा वेळी "आताच तर थांबलो होतो" असे म्हणणाऱ्या वडिलांनी ते वाक्य गिळून टाकावे, ही नम्र विनंती.

आपला रस्ता माळव्यातून निमाडात उतरतो. इंदूरची सकाळ थंड असते, पण धामनोद, ठीकरी, जुलवानियाचा पट्टा आणि पुढचा खानदेश उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो. मे महिन्यात जाणाऱ्यांनी पहाटे पाचला निघून दहाच्या आत निमाड ओलांडावे. उन्हात उभ्या गाडीत बाळाला एक मिनिटही एकटे ठेवू नये, "झोपले आहे, चहा घेऊन येतो" असे म्हणूनही नाही. बंद गाडीचे तापमान दहाच मिनिटांत 10 अंशांच्या आसपास चढते आणि लहान शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते.

खाण्यापिण्याबद्दल आजीबाईंशी माझा थोडा वाद होईल, तो होऊ द्या. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. आईनेच भरपूर पाणी प्यावे आणि बाळाला अधिक वेळा पाजावे. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये, गुटीतूनही नको. त्यातून होऊ शकणारा आजार विरळा असला तरी बाळाच्या जिवावर बेततो. सहा महिन्यांनंतरच्या बाळासाठी घरची भाजलेली तांदूळ-मुगाची पूड, केळे आणि उकळून गार केलेले पाणी बरोबर असले की ढाब्यावर काही शोधावे लागत नाही. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींचा हिशोब जुळवून तारीख ठरवावी आणि लसीकरणाचे कार्ड आईच्या पर्समध्ये ठेवावे, डिकीत नाही. महामार्गाचा मदत क्रमांक 1033, रुग्णवाहिकेचा 108 आणि सर्वसाधारण आपत्तीसाठी 112, हे तीन आकडे मोठ्या भावंडांनी पाठ करावेत.

आणि एक, खलघाटला आपण नर्मदामैयाला हात जोडतो. त्याच पुलावरून वापरलेला डायपर खाली टाकणारे हातही मी पाहिले आहेत. शहर सात-आठ वेळा देशात स्वच्छतेत पहिले आल्याचा अभिमान सांगणाऱ्यांनी शहराची हद्द संपली की तो अभिमान खिडकीबाहेर फेकू नये. गाडीत एक झाकणाची पिशवी ठेवली की काम होते.

रेल्वेने का जाऊ नये, असेही कुणी विचारील. ज्यांना जमते त्यांनी जरूर जावे. बाळाला हातपाय पसरायला डब्यात जागा असते. पण इंदूरहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या रतलाम-वडोदऱ्यावरून गुजरातचा वळसा घेतात, आणि धुळे, मालेगाव, नाशिककडे ज्यांना जायचे आहे त्यांचे तर यात काहीच जुळत नाही. इंदूर-मनमाड या 309 किलोमीटरच्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. तो पूर्ण होऊन गाडी धावेल तेव्हा आपल्या कित्येक घरांचा प्रश्न सुटेल. पण आजचे बाळ तोवर थांबणार नाही.

तिकडे आजोळी वाट पाहणाऱ्या मंडळींनाही एक निरोप द्यावा. बाळ दारात आले की भाकरतुकडा ओवाळा, दृष्ट काढा, पण वीस जणांनी एकामागून एक उचलून गालाचे पापे घेऊ नका. हात धुऊन घ्या, सर्दी-खोकला असेल त्याने दोन दिवस लांबूनच कौतुक करावे. आणि दिवसभर गाडीत बसून आलेल्या सुनेला किंवा लेकीला आल्या आल्या पोळ्या लाटायला उभे करू नका. तिला दोन तास झोपू द्या. आजोळचे प्रेम पोळीपेक्षा त्या झोपेत जास्त दिसेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे काम सगळ्यांत मोठे आहे. तुम्ही ताई-दादा आहात. गाडी सुरू होण्याआधी "बाळाचा बेल्ट लागला का? आजीचा लागला का? माझा लागला का?" हे तीन प्रश्न तुम्ही मोठ्याने विचारायचे. उत्तर "हो" आल्याशिवाय बाबांना गाडी सुरू करू द्यायची नाही. बाळाच्या शेजारी बसून मोबाईल न दाखवता गाणी म्हणा. कोणती नदी ओलांडली, कोणत्या गावापासून पाट्या मराठीत सुरू झाल्या, सोनगीरचा किल्ला कोणत्या हाताला दिसला, चांदवडला होळकरांचा रंगमहाल कुठे आहे, हे एका वहीत लिहा. सुट्टीनंतर त्या वह्या मी स्वतः वाचणार आहे.

आता विश्वस्त मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या ठेवते.

पहिली, सुट्टीआधीचा शेवटचा दिवस शक्यतो अर्धा ठेवावा आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन दिवशी कोणतीही चाचणी ठेवू नये. "परवा पेपर आहे" म्हणून रात्रभर गाडी हाकत परतणारे पालक मला माहीत आहेत. ती घाई आपणच वेळापत्रकात छापतो. निदान शाळेमुळे कुणी रात्री घाटात गाडी चालवू नये.

दुसरी, वाचनालयात जशी पुस्तके देतो तशा चार-पाच बालसीटा शाळेने घ्याव्यात आणि अनामत ठेवून सुट्टीपुरत्या पालकांना द्याव्यात. घेताना आर 44 किंवा आर 129 या मानकाची चिठ्ठी सीटवर आहे का ते पाहावे. बऱ्याच नव्या गाड्यांत आयसोफिक्सची कडी असतात, जुन्यांत नसतात, म्हणून बेल्टनेही बांधता येतील अशाच घ्याव्यात. प्रत्येक सीटची नोंदवही असावी. अपघातात सापडलेली किंवा मुदत संपलेली सीट लगेच बाद करावी, ती "चांगली दिसते" म्हणून पुन्हा देऊ नये. ज्या पालकांच्या घरी सीट पडून आहे आणि तिचा इतिहास त्यांना पक्का माहीत आहे, त्यांनी ती शाळेला द्यावी. माळ्यावर धूळ खाण्यापेक्षा ती दुसऱ्या बाळाच्या कामी येईल.

तिसरी, दिवाळी आणि उन्हाळा या दोन्ही सुट्ट्यांआधीच्या पालक सभेत अर्धा तास एखाद्या बालरोगतज्ज्ञांना बोलवावे आणि सीट कशी बांधायची ते शाळेच्या पटांगणात प्रत्यक्ष दाखवावे. चुकीची बांधलेली सीट ही नसल्यासारखीच असते.

या तिन्ही गोष्टींना मिळून शाळेच्या एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाइतकाही खर्च येणार नाही. पुढच्या बैठकीत हा विषय मी कार्यक्रमपत्रिकेवर मागितला आहे. पालकांनी आपली मते लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावीत, विरोधाची असली तरी द्यावीत.

सर्वांना सुट्टीच्या शुभेच्छा. सावकाश जा, उजेडी जा, आणि सगळे परत या.

आपली,
प्राचार्या